कोयत्याला नाव का नसतं?

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे.

आपल्या आयटीवाल्या मित्रांमध्ये सध्या फ्रेंच घडीच्या चाकूंचं कौतुक फार वाढलंय. लाकडी किंवा शिंगाची मूठ, स्प्रिंगवर मधमाशी, आणि वर तो जादूचा शब्द, 'हेरिटेज'. लायोल गावच्या कारागिराने केलेला चाकू दहा हजारांच्या पुढे सहज जातो. घ्या की! माझी काही तक्रार नाही, वस्तू खरोखर सुंदर आहे. तक्रार पुढे आहे. हीच मंडळी रविवारी शेणवा-किन्हवलीकडे भटकायला आली की लोहाराचा कोयता हातात घेऊन, "चारशे? तीनशेला द्या हो" म्हणतात. तिकडे हेरिटेज आणि इकडे घासाघीस, हे कुठलं गणित?

लायोलचा चाकू मुळात आहे काय? फ्रान्सच्या ओब्राक पठारावरच्या गुराख्याचं हत्यार. साधारण १८२९ पासून तो तिथे बनतो. पुढे त्याला टोच्या जोडला, तोसुद्धा गुराचं पोट फुगलं तर उपयोगी पडावा म्हणून. सव्वॉयचा ओपिनेल १८९० चा, तोही शेतकऱ्याच्या खिशातला. म्हणजे दोन्ही वस्तू दिवाणखान्यातल्या नव्हेतच. आमच्याकडे ठाकूर-कातकरी माणूस कंबरेला मागे आकडीत कोयता अडकवून रानात जातो, त्याच जातकुळीतल्या आहेत त्या. राबासाठी फांद्या तोडायला, कुंपण करायला, सरपण फोडायला, बांबू तासायला, सगळ्याला तो एकच कोयता.

आणि कौशल्याचं म्हणाल तर, इंजिनियर आहात ना, जरा बघा. चांगला लोहार ट्रकच्या जुन्या कमानपाट्याचं पोलाद घेतो, कारण त्यात साधारण ०.६ टक्के कार्बन असतो. साध्या सळईचं लोखंड कितीही तापवून पाण्यात बुडवा, धार धरण्याइतकं कडक होत नाही. मग घणाखाली आकार, आणि शेवटी पाणी देणं. पातं लालभडक करून फक्त धारेची बाजू बुडवायची, बाहेर काढायची, आणि पाठीकडची उष्णता धारेकडे परत येताना चढणारा रंग बघत बसायचं. गवती पिवळा आला की पुन्हा पाण्यात. लवकर बुडवलं तर धार ठिसूळ राहून तुटते, उशीर झाला तर मऊ पडून वळते. थर्मामीटर नाही, डोळा हाच सेन्सर. आपण कॉलेजात हेच 'टेम्परिंग' म्हणून पाठ केलं, मार्क मिळवले आणि विसरलो.

मग फरक कुठे पडला? नावात! १५६५ मध्ये फ्रान्सच्या नवव्या चार्ल्स राजाने प्रत्येक उस्ताद चाकूकाराला आपली खूण मालावर उमटवायला लावली. ओपिनेलच्या पात्यावर १९०९ पासून मुकुट घातलेला हात आहे तो त्याच परंपरेतला. खूण आली की जबाबदारी आली, आणि मागोमाग किंमतही आली. आपल्याकडे लोहार बलुतेदार. खळ्यावर धान्य मिळायचं, ते ठरल्या मापाने. कोयता उत्तम असो की बरा, बलुतं तेवढंच. गावात लोहार एक, सगळ्यांना माहीत, मग खूण कशाला? लोहार ही जात झाली, ब्रँड कधीच झाला नाही. बलुतं आटलं तेव्हा हा माणूस बिननावाचा माल घेऊन थेट कारखान्याच्या मालाशेजारी बाजारात उभा राहिला. त्याला 'परंपरा' म्हणून गहिवरणाऱ्यांनी हा हिशेबही मांडावा.

यावर ठरलेलं उत्तर येतं. "अरे, लोहाराच्या पोरालाच हे नकोय." अगदी बरोबर, त्याने का करावं? परंपरा टिकवा म्हणणाऱ्याने आधी आपला मुलगा भात्यावर बसवून दाखवावा. माझा मुद्दा त्याने तिथेच राहावं हा नाहीच. सोडून जाणं हाच एकमेव शहाणपणा उरेल इतकी त्या कामाची किंमत आपण पाडली, हा आहे. २०२३ मध्ये पीएम विश्वकर्मा योजना आली, १८ व्यवसायांत लोहारही आहे. अवजारांसाठी १५ हजार, स्वस्त कर्ज, चांगलंच आहे. पण कर्ज काढून बनवलेला कोयता तीनशेलाच जाणार असेल तर हप्ता कोण भरणार?

आणि नाव वेळेवर राखलं नाही तर काय होतं, हेही लायोलनेच दाखवलंय. हजार-बाराशे वस्तीचं ते गाव. १९९३ मध्ये एका बाहेरच्या व्यापाऱ्याने गावाचं नावच ट्रेडमार्क म्हणून नोंदवलं आणि परदेशी बनलेल्या मालावरही ते झळकू लागलं. २०१२ मध्ये गावकऱ्यांनी चिडून गावाची पाटीच उतरवली. बरेचसे ट्रेडमार्क रद्द व्हायला २०१९ उजाडलं. आपल्याकडे २०२५ मध्ये प्राडाने मिलानला कोल्हापुरीसारख्या चपला आणल्या तेव्हा बोंब मारता आली, कारण कोल्हापुरीला नाव होतं, २०१९ पासून जीआयही होता. आमच्या कोयत्यासाठी बोंब मारायची तर कुठल्या नावाने?

म्हणून मागणी साधी आहे. लोहाराने पात्यावर आपलं नाव, गाव आणि साल ठोकावं. एका छिन्नीचं काम आहे. आणि आपण त्या ठशाचे पैसे द्यावेत, घासाघीस न करता. बोथट झाला की फेकू नये, त्याच्याकडेच शेवटायला न्यावा. पौषात म्हशाच्या जत्रेला जाल तेव्हा सेल्फी काढण्याआधी एवढं विचारा, "हे बनवलं कोणी?" विक्रेत्याला सांगता आलं तर भाव करू नका.

फ्रेंच चाकू जरूर घ्या. पण त्याच्या खुणेला मान देणाऱ्याने शेणव्याच्या लोहाराला निनावी ठेवायचं, याला रसिकता म्हणत नाहीत. मराठीत याला दुजाभाव म्हणतात.

असो. शिव्या घालायच्या असतील तर स्वागत आहे.