रस्ता तोच, शब्द वेगळे



प्रवासात कोणी विचारले, "कुठे राहता?" आणि मी म्हटले, "बोईसरला, तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ," तर समोरच्या बाईंच्या कपाळाला आठी पडते. तेच "चिंचणीच्या समुद्राजवळ" म्हटले, की लगेच, "अय्या, येऊ का मग सुट्टीत?" घर तेच, अंतरही तेच.

याचे मला हसू यायचे. आता येत नाही, कारण माझ्याच शब्दांनी एकीची यात्रा चुकली.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मंडळाने सम्मेद शिखरजीची यात्रा ठरवली. निरोप मी लिहिला: "चढण, वंदना आणि उतार मिळून 27 किलोमीटर. गुडघे दुखणाऱ्यांना झेपणार नाही. विचार करूनच नाव द्यावे." पालघरच्या माझ्या मोठ्या जाऊबाईंनी नाव मागे घेतले. त्याच सुमारास दुसऱ्या एका मंडळाच्या बायका जाऊन आल्या, त्यांच्यापेक्षाही वयस्कर. त्यांचा निरोप आम्ही नंतर वाचला: "मधुबनातून रात्रीच निघू, थंड हवेत चढू. दमलात तर डोली मिळते."

"डोलीचं तू लिहिलंच नव्हतंस गं," जाऊबाई एवढेच म्हणाल्या. आता त्यांना डोलीतही बसवत नाही.

डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1981 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. साथीत सापडलेल्या 600 माणसांपैकी "200 वाचतील" असे सांगितले, तेव्हा बहुतेकांनी तो उपाय निवडला. दुसऱ्या गटाला त्याच उपायाने "400 मरतील" असे सांगितले, तर बहुतेकांनी तो नाकारला. हिशेब एकच, पण मन शब्दांमागे गेले.

मी कॉमर्सची. जमेची बाजू झाकून नुसता खर्च दाखवला, तर एकेक रक्कम खरी असूनही वही खोटीच. माझा निरोप तसा होता. उलट बाजूही तितकीच वाईट. "अगदी सोपी यात्रा" असे लिहून हृदयविकाराच्या बाईला डोंगरावर नेणे हेही पापच.

आपण अनेकान्त मानतो. एकच बाजू धरून बसू नये, हे पाठशाळेतल्या मुलांनाही शिकवतो. साधूंना भाषा समिती आहे, आपल्याला सत्याणुव्रत. बोलणे हित, मित, प्रिय असावे म्हणतात. माझे बोलणे मित होते, पण त्यात जाऊबाईंचे हित कुठे होते?

म्हणून आता यात्रेच्या निरोपात मी दोन्ही बाजू लिहिते: किती चालायचे, किती चढ, कोणी डॉक्टरांना विचारावे, आणि त्याच खाली डोली, विसाव्याच्या जागा, सोबत कोण. शेवटी फोन नंबर, आणि "शंका असेल तर नाव काढण्याआधी बोला" ही ओळ.

जायचे की नाही, ते ज्या त्या बाईने ठरवावे. आपल्या अर्ध्या वाक्याने ते ठरू नये.