सर्वांना कळणारे आणि कुणालाही चालणारे

लोकप्रियता आली की कला उणावते, असे गृहीत धरण्याची खोड समीक्षेला फार जुनी आहे. कोल्डप्ले या ब्रिटिश रॉक बँडचा ‘मून म्युझिक’ हा दहावा अल्बम ऑक्टोबर २०२४ मध्ये आला. त्यावर झालेल्या टीकेचा बराच भाग याच खोडीतून निपजलेला आहे. बँड बाजारू झाला, रॉक सोडून पॉपच्या नादी लागला, असा त्या टीकेचा सूर. आमचाही या अल्बमवर आक्षेप आहे. परंतु तो हा नव्हे. तो नेमका कोणता, याचा विचार साहित्याच्या अभ्यासकांनाही उपयोगी पडेल, असे आम्हांस वाटते.

प्रथम एक गैरसमज दूर करू. कोल्डप्ले कधी काळी बंडखोर होता आणि पुढे तो बाटला, ही कथा खरी नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात भेटलेल्या चार विद्यार्थ्यांचा हा बँड. त्यांचा ‘पॅराशूट्स’ हा पहिला अल्बम २००० साली प्रसिद्ध झाला आणि ब्रिटनच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. पुढचे नऊही गेले. ‘क्रिएशन रेकॉर्ड्स’चे ॲलन मॅगी यांनी तर त्याच सुमारास या संगीताची संभावना ‘अंथरूण ओले करणाऱ्यांचे संगीत’ अशी केली होती. म्हणजे आज ज्या अल्बमच्या आठवणीने उसासे टाकले जातात, तोही तेव्हाच्या कडव्या रसिकांना पुरेसा ‘रॉक’ वाटला नव्हता. ज्या सोवळ्याचा भंग झाल्याची ओरड चालते, ते सोवळे मुळात कधी नेसलेलेच नव्हते.

बदल झाला तो निराळ्या ठिकाणी. २००८ च्या ‘व्हिवा ला व्हिडा’च्या निर्मितीत ब्रायन ईनो यांच्यासारखा प्रयोगशील संगीतकार सोबत होता. २०११ च्या ‘मायलो झायलोटो’मध्ये रिहाना आली, २०१४ मध्ये एका गाण्यापुरता आव्हीची आला, २०१५ मध्ये स्टारगेट ही नॉर्वेची निर्माती जोडी आली. २०२१ च्या ‘म्युझिक ऑफ द स्फिअर्स’पासून सूत्रे मॅक्स मार्टिन या स्वीडिश गीतकार-निर्मात्याकडे गेली. ब्रिटनी स्पिअर्सपासून द वीकेंडपर्यंत अनेकांच्या सर्वाधिक गाजलेल्या गाण्यांमागे याच गृहस्थाचा हात आहे. त्याच्या घराण्यात ‘मेलॉडिक मॅथ’ म्हणजे चालीचे गणित ही संज्ञा रूढ आहे. ओळीतील अक्षरे चालीशी काटेकोर जुळली पाहिजेत. शब्दाचा नाद आधी, अर्थ मागाहून. याच अल्बममध्ये बीटीएस या कोरियन गटासह गायिलेले ‘माय युनिव्हर्स’ अमेरिकेच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर उतरले.

या गणिताला नाके मुरडणे मराठीच्या अध्यापकांना तरी शोभणार नाही. मोठ्या अभंगाची घडण सहा, सहा, सहा, चार अशा अक्षरांच्या मोजणीवरच उभी आहे. ओवीला, आर्येला, लावणीला आपापला हिशेब आहे. मोजणी हा दोष असता, तर आपल्या काव्यपरंपरेचा निम्मा भाग बाद करावा लागेल. प्रश्न मोजणीचा नसून, त्या मापात काय भरले याचा आहे.

येथे दोन गाणी शेजारी ठेवून पाहू. ‘पॅराशूट्स’मधील ‘यलो’ आणि ‘मून म्युझिक’मधील ‘फील्सलाइकआयॅमफॉलिंगइनलव्ह’. दोन्ही प्रेमगीते, दोन्ही सोप्या शब्दांची, दोन्हींची चाल चटकन ओठांवर येणारी. पण ‘यलो’मध्ये तो पिवळा रंग काय म्हणून आला, हे सांगता येत नाही. तो प्रतीक म्हणून समजावता येत नाही आणि गाण्यातून काढूनही टाकता येत नाही. त्या एका शब्दाशी ऐकणाऱ्याला अडखळावे लागते, आणि अडखळल्यावर आपला अर्थ आपणच शोधावा लागतो. त्या गाण्याची चित्रफीतही अशीच. इंग्लंडच्या डॉर्सेट किनाऱ्यावर, पावसाळी पहाटे, एकटा ख्रिस मार्टिन गात चालत येतो. सारे एका सलग दृश्यात. नव्या गाण्यात अडखळण्याची जागाच ठेवलेली नाही. त्याच्या शीर्षकातील शब्दांमधल्या मोकळ्या जागाही काढून टाकल्या आहेत. ही लेखनाची लकब असेल; आम्हांला मात्र ती त्या गाण्याची अभावित समीक्षा वाटते. ऐकणाऱ्याने शिरावे अशी फटच त्यात उरलेली नाही.

सर्वांना कळणारे गाणे वेगळे आणि कुणालाही चालणारे गाणे वेगळे, हा आमचा मुद्दा आहे. पहिले गाणे एका माणसाचे असते आणि म्हणूनच ते दुसऱ्यापर्यंत पोहोचते. दुसरे कुणाचेच नसते. म्हणून ते कुठेही बसवता येते. विमानतळावर, जाहिरातीत, लग्नाच्या मांडवात.

या ‘कुणालाही चालण्या’ची किंमत काय असते, हे ‘हिम फॉर द वीकेंड’च्या चित्रफितीत दिसते. मुंबई आणि वसई परिसरात चित्रित झालेली ही फीत २०१६ च्या जानेवारीत आली. तीत होळीचे रंग आहेत, साधू आहेत, रंगांत न्हालेली मुले आहेत. यांतील एकही गोष्ट खोटी नाही. पण एकाही गोष्टीला स्वतःचा पत्ता नाही. भारत म्हटल्यावर जगाच्या डोळ्यांपुढे जे आधीच होते, तेच परत जगापुढे ठेवले गेले. संस्कृतीच्या उसनवारीवरून तेव्हा वाद झाला. आम्हांला उसनवारीचे वावडे नाही. उसने घेतलेल्या वस्तूकडे नीट पाहिलेही गेले नाही, याचे वाईट वाटते.

कोणी म्हणेल, या बँडला याहून अधिक जमतच नसेल. तसे नाही, आणि म्हणूनच खंत आहे. २०१९ च्या ‘एव्हरीडे लाइफ’मध्ये ‘ट्रबल इन टाउन’ हे गाणे आहे. फिलाडेल्फियात २०१३ साली एका पोलिसाने रस्त्यावरील तरुणांना अडवून केलेल्या दमदाटीचे प्रत्यक्ष ध्वनिमुद्रण त्यात मिसळले आहे. त्याच अल्बममधील एका रचनेचे शीर्षक फार्सी लिपीत आहे: ‘बनी आदम’. ते शेख सादीच्या ‘गुलिस्तान’मधील प्रसिद्ध पद्यावरून घेतलेले. सारी माणसे एकाच देहाचे अवयव, हा त्या पद्याचा आशय. ‘गुलिस्तान’ १२५८ चे. त्यानंतर अवघ्या तीन दशकांनी आपल्याकडे ज्ञानेश्वरी झाली आणि तिच्या अखेरीस पसायदान आले. दोन्ही रचना अखिल मानवजातीसाठी आहेत, पण मोघम नाहीत. पसायदान दुष्टांचा नाश मागत नाही. त्यांच्यातील दुष्टपणा तेवढा जावा, असे मागते. विश्वाला कवेत घेणारी प्रार्थनासुद्धा किती नेमकी असू शकते, याचा हा दाखला. ‘मून म्युझिक’मधील ‘वी प्रे’ हीदेखील सर्वांसाठीची प्रार्थना. निरनिराळ्या देशांचे गायक तीत एकत्र आले आहेत, आणि लिटिल सिम्झच्या आवाजाने तिला काही क्षण धारही येते. पण ध्रुवपद आले की ती धार बोथट होते.

या बँडच्या हेतूंविषयी आम्हांला शंका नाही. ‘मून म्युझिक’ची एकेक तबकडी टाकून दिलेल्या नऊ प्लॅस्टिक बाटल्यांपासून घडवली गेली. २०२५ च्या जानेवारीत नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्यांचे तीन कार्यक्रम झाले. मनगटांवरचे दिवे एकाच तालात उजळणारा तो समुदाय सुखावला होता, आणि त्या सुखाला उथळ म्हणणे उद्धटपणाचे होईल. एकत्र गाण्याचे सुख आपल्याला आरतीने आणि वारीने शिकवले आहे. परंतु आरती संपल्यावरही तिच्यातील एखादा न कळलेला शब्द मनात घोळत राहतो. दिवे विझल्यावर मनात काय घोळते, हीच कसोटी कोल्डप्लेलाही लावली पाहिजे.

‘मून म्युझिक’मधीलच ‘ऑल माय लव्ह’ या कसोटीला उतरू शकते. शब्दांच्या दृष्टीने ते अगदी साधे आहे. पण २०२४ च्या डिसेंबरात आलेल्या त्याच्या चित्रफितीत, वयाची नव्याण्णव वर्षे पूर्ण करू पाहणारे अभिनेते डिक व्हॅन डाइक अनवाणी नाचतात. त्या थरथरत्या पावलांनी गाण्याला देह मिळतो. प्रेम हा शब्द तोच; पण आता तो कुणाचा तरी झालेला असतो.

बारा अल्बम करून थांबण्याचा मनोदय ख्रिस मार्टिन यांनी बोलून दाखवला आहे. त्यांनी पुन्हा गिटारी कर्कश कराव्यात, अशी आमची मागणी नाही. पॉपच करावे, सोपेच करावे, लाखोंसाठीच करावे. फक्त त्यात एखादा पिवळा रंग असा ठेवावा, की ज्याचे कारण कुणालाच सांगता येणार नाही.