शब्दओळख : एस्पेरान्सा

आजचा स्पॅनिश शब्द आहे 'एस्पेरान्सा', म्हणजे आशा. स्पेनमध्ये बहुतेक ठिकाणी तो 'एस्पेरान्था' असा ऐकू येईल, लॅटिन अमेरिकेत 'एस्पेरान्सा'. आपल्या आशेसारखाच हाही शब्द स्त्रीलिंगी, आणि आपल्याकडे जशा आशाताई, आशामावशी असतात तशा तिकडे एस्पेरान्सा नावाच्या बायका असतात.

खरी गंमत क्रियापदात आहे. 'एस्पेरार' म्हणजे आशा करणे, आणि वाट पाहणे सुद्धा! 'एस्पेरो एल आउतोबुस' म्हणजे मी बसची वाट पाहतोय. 'एस्पेरो के बेंगास' म्हणजे तू येशील अशी आशा आहे. मग अर्थ ओळखायचा कसा? 'के' आले की बहुधा आशा समजा. पुढचे क्रियापदही रूप बदलते. 'तू येतोस' हे एरवी 'ब्येनेस', पण इथे 'बेंगास', कारण येणे अजून पक्के नाही. आणि 'ते एस्पेरो' म्हणजे मी तुझी वाट पाहतोय. दवाखान्यातल्या प्रतीक्षालयालाही 'साला दे एस्पेरा' म्हणतात. तिथे तासभर बसलेल्या कुणालाही विचारा, वाट कुठे संपते आणि आशा कुठे सुरू होते ते.

हा शब्द मला नीट कळला तो चिलीतल्या एका घटनेमुळे. 5 ऑगस्ट 2010 रोजी अटाकामा वाळवंटात, कोप्यापो शहराजवळची सान होसे ही खाण कोसळली. 33 कामगार आत अडकले. ते जिवंत आहेत की नाहीत, हे 17 दिवस कुणालाच ठाऊक नव्हते. घरची माणसे खाणीबाहेर तंबू ठोकून राहिली. त्या वस्तीचे नाव पडले 'काम्पामेन्तो एस्पेरान्सा', आशेचा तळ. 22 ऑगस्टला सुमारे 700 मीटर खोल गेलेल्या ड्रिलला बांधून एक चिठ्ठी वर आली : आम्ही तेहतीसही जण सुखरूप आहोत. पण बाहेर यायला ऑक्टोबरची 13 तारीख उजाडली. मधल्या काळात एका कामगाराला मुलगी झाली. बाप जमिनीखाली, लेक जमिनीवर. तिचे नाव काय ठेवले असेल, ते तुम्ही ओळखलेच असेल!

जाता जाता आणखी एक. स्पॅनिशमध्ये गरोदर बाईबद्दल 'एस्तार दे बुएना एस्पेरान्सा' असा एक जुना, सोज्वळ वाक्प्रचार आहे. शब्दशः, चांगल्या आशेत असणे. आपल्या आज्या 'दिवस गेलेत' म्हणायच्या, त्याच जातीचा.

आता थोडा सराव. 'मेन्साखे' म्हणजे निरोप, 'तु' म्हणजे तुझा. लेक-जावई किंवा नातवंडे परगावी असतील तर आज त्यांना एवढेच लिहून पाठवा : 'एस्पेरो तु मेन्साखे'. अर्थ विचारायला तरी फोन येईल.