‘आता मेकॅनिकल घे, पुढच्या वर्षी कॉम्प्युटर’: ब्रँच बदलाच्या भरवशावर किती राहायचं?

इंजिनिअरिंगच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली, की कोल्हापुरातल्या घराघरांत एक सल्ला हमखास ऐकू येतो. ‘कॉलेज चांगलं हाय नव्हं? मग घे की आता मेकॅनिकल. पुढच्या वर्षी कॉम्प्युटरला बदलून घेऊ.’ सांगणारा बहुतेक वेळा मामा नाहीतर गल्लीतला दादा असतो आणि त्याच्या ओळखीत कुणीतरी खरंच ब्रँच बदललेली असते. ज्यांना बदलून मिळाली नाही, त्यांची गोष्ट मात्र कुणी सांगत नाही.

गोकुळ शिरगावचं केआयटी असो, कसबा बावड्यातलं डी. वाय. पाटील, इचलकरंजीचं डीकेटीई किंवा सांगलीचं वालचंद, पालकांचा हिशोब सगळीकडे हाच. आधी कॉलेजचं नाव, ब्रँचचं नंतर बघू. ब्रँच बदलाची सोय असते, हे खरं. पण हवी असलेली जागा रिकामी असेल तरच ती कामाची.

जागा रिकामी कशी होते?

प्रत्येक ब्रँचला मंजूर प्रवेशक्षमता असते. तिच्यापलीकडे कॉलेजला मनानं कुणाला घेता येत नाही. त्यामुळे कॉम्प्युटरमध्ये पहिल्या वर्षी आलेल्यांपैकी कुणी प्रवेश रद्द केला किंवा दुसऱ्या कॉलेजला गेलं, तरच खुर्ची मोकळी होते. ज्या ब्रँचसाठी सगळी धडपड, ती सोडून जाणारे किती असणार? रिकाम्या जागा मेकॅनिकल आणि सिव्हिलमध्ये सापडतात, जिथून मुलांना बाहेर पडायचं असतं.

मोकळ्या झालेल्या जागेसाठी साधारणपणे पहिल्या वर्षाच्या गुणांवर मेरिट लागते आणि विषय राहिलेला असेल तर अर्जच मागे पडतो. इथं सीईटीचा पर्सेंटाइल विचारात येत नाही. म्हणजे मॅथ्स, ग्राफिक्स, वर्कशॉप या सगळ्यांत वर्गात वरच्या नंबरात राहावं लागतं आणि तीच जागा डोळ्यांसमोर ठेवून बाकीच्या ब्रँचमधली हुशार मुलंही अभ्यास करत असतात. काही आयआयटींनी तर पहिल्या वर्षाची ही शर्यत मुलांवर ताण आणते म्हणून ब्रँच बदलाची सोयच बंद केली.

शिवाय दुसऱ्या वर्षी डिप्लोमावाले येतात. त्यांच्यासाठी मंजूर क्षमतेच्या 10 टक्के जागा वेगळ्या असतात आणि पहिल्या वर्षी न भरलेल्या जागाही त्यांच्या थेट प्रवेशात धरल्या जातात. ‘पहिल्या वर्षी दोन-चार जागा राहिल्याच तर आपल्याला मिळतील’ हा हिशोब म्हणूनच कच्चा.

फी माफीची जागा असेल तर?

खरी ठेच इथं लागते आणि घरात याची चर्चा जवळपास होतच नाही. वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतल्या मुलांसाठी मंजूर क्षमतेवर 5 टक्के जादा जागा असतात. ही टीएफडब्ल्यूएस, म्हणजे ट्यूशन फी माफीची योजना. फॉर्ममध्ये तिचा चॉइस कोड वेगळा असतो आणि फी वाचते म्हणून तो आनंदानं वर टाकला जातो. पण एआयसीटीईचा नियम सरळ आहे: या जागेवरच्या विद्यार्थ्याला कोणत्याही कारणानं कॉलेज किंवा अभ्यासक्रम बदलता येत नाही. पहिल्या वर्षी वर्गात पहिला आला तरी नाही.

ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस गटातल्या, उत्पन्नाच्या अटीत बसणाऱ्या मुलींना 2024-25 पासून कॅपच्या साध्या जागेवरही शिक्षण शुल्कात पूर्ण माफी आहे. म्हणजे मुलीनं साधी जागा घेतली तरी फी वाचते आणि ब्रँच बदलाचा रस्ताही उघडा राहतो. तिच्याच घरातल्या भावाला सवलत निम्मी. त्यानं उरलेले पैसे वाचवायला टीएफडब्ल्यूएस घेतली, तर तो मेकॅनिकलला चार वर्षं बांधला गेला. फी भरू शकणाऱ्या वर्गमित्राला संधी मिळते आणि जास्त गुण मिळवूनही याला नाही, हे कोणत्या हिशोबात बसतं? मेरिटवर जागा मिळत असेल तर फी माफी सोडून बदल घेण्याचा पर्याय तरी या मुलांना द्यायला हवा. एआयसीटीईनं हा नियम बदलण्याची वेळ झाली आहे.

ऑप्शन फॉर्म भरताना

2025 च्या प्रवेशात नियम आणखी कडक झाले. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचा पर्याय मिळाला, तर तो घ्यावाच लागतो. दुसऱ्या फेरीत ही अट पहिल्या तीन पसंतींना आहे, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना. नको असलेली ब्रँच ‘कॉलेज भारी’ म्हणून वर टाकली आणि ती लागली, तर पुढच्या फेऱ्यांचं दार बंद. दुसरीकडे एआयसीटीईनं 2024-25 पासून चांगल्या कामगिरीच्या संस्थांसाठी एका ब्रँचच्या जागांवरची मर्यादा काढली आहे. कॉम्प्युटरच हवं असेल, तर थोड्या कमी नावाच्या कॉलेजात ते पहिल्याच दिवशी घेणं अनेकांसाठी जास्त शहाणपणाचं. मेकॅनिकल घेतलंच, तर ते मेकॅनिकल म्हणून घ्यावं. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्री ज्या शहराला लागून आहेत, तिथं ही ब्रँच वर्षभर वेटिंग रूमसारखी वापरणं म्हणजे जरा अतिच. कोडिंगची ओढ असेल त्यांना दुसऱ्या शाखेतला मायनर करता येतो. त्यासाठी साधारण 18 ते 20 जादा क्रेडिट लागतात, डिग्री मात्र मूळ ब्रँचचीच राहते.

कॉलेजांच्या वेबसाइटवर प्लेसमेंटचे आकडे पहिल्याच पानावर चमकत असतात. त्याच पानावर ‘गेल्या वर्षी कॉम्प्युटरमध्ये किती जणांना ब्रँच बदलून दिली आणि शेवटच्या विद्यार्थ्याचा सीजीपीए किती होता’ ही एक ओळ यायला काहीच अडचण नाही. ती येईपर्यंत पालकांनी फॉर्म कन्फर्म करण्याआधी कॉलेजात जाऊन हा प्रश्न विचारावा आणि उत्तर आकड्यात मागावं. ‘होऊन जातं हो’ हे उत्तर मिळालं, तर ऑप्शन फॉर्मचा क्रम पुन्हा एकदा तपासून घ्यावा.