कोंडलेल्या सापाचे दुखणे

भातलावणीच्या दिवसांत महाड-पोलादपुरात घरात साप निघाला, तर ती बातमी उरत नाही. सावित्री-गांधारीचे पाणी चढते, बिळे भरतात आणि धामण, दिवड, नाग, कधी घोणसही कोरडी जागा शोधत पडवीत, सरपणात, खुराड्यात शिरतात. सर्पमित्र धावत येतो, साप पकडतो आणि घर निर्धास्त होते. पुढे त्या सापाचे काय होते, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही.

तो त्याच दिवशी रानात सुटला तर उत्तम. पण पुष्कळदा तो बरणीत किंवा पेटीत राहतो. शाळेत दाखवायचा असतो, फोटो काढायचे असतात, दोन-तीन जमले की एकदम सोडू असे ठरते. दिवस जातात. मग साप पाण्याच्या भांड्यातच बसून राहतो, पेटीला तोंड घासतो, कात तुकड्यातुकड्यांनी टाकतो आणि भांड्याच्या तळाशी मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसू लागतात. ते बुडून मेलेले माइट असतात.

माइट कोळ्यांच्या कुळातला, जेमतेम एक मिलिमीटरचा. वांग्यावरचा लाल कोळी आपल्या शेतकऱ्याला ठाऊक आहे, त्याचाच हा दूरचा भाऊबंद. सापांवरच्या जातीचे शास्त्रीय नाव ओफिओनिसस नॅट्रिसिस. डोळ्यांच्या कडेला, हनुवटीखालच्या घडीत, खवल्यांच्या आड बसून तो रक्त पितो. संख्या वाढली की साप अशक्त होतो. लहान पिल्लू रक्तक्षयाने मरूही शकते.

पावसाळ्यात पकडलेल्या धामणीच्या खवल्यांत चार-दोन गोचीड दिसतात, ते निराळे. ते रानातूनच आलेले असतात आणि धडधाकट साप त्यांच्यासह जगतो. ते ओढून काढायच्या खटाटोपात त्यांचे तोंड कातडीत तुटून राहते. त्यापेक्षा साप सोडावा.

माइटचे तसे नाही. रानात साप जागा बदलत राहतो. रक्त पिऊन खाली उतरलेल्या मादीच्या पिल्लांना तो पुन्हा सापडेलच असे नाही. पेटीतला साप जाणार कुठे? मादी फटीत 60 ते 80 अंडी घालते आणि उबदार, दमट हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी तयार होते. आपला पावसाळा म्हणजे तीच हवा. म्हणून मी याला कोंडण्याचा रोग म्हणतो.

कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या ठिकाणी साप परवानगीने आणि कारणासाठी ठेवले जातात. मुंबई-पुण्यात काही जण परदेशी बॉल पायथन पाळतात. अशांनी उपाय करताना आधी पेटीकडे पाहावे, कारण अंडी तिथे असतात. साप वेगळा काढावा. लाकूड, साल, भुसा फेकून द्यावा. पेटी गरम पाण्याने आणि साबणाने घासून, फटींसह पूर्ण वाळवावी. तळाला पांढरा कागद घालावा, म्हणजे ठिपका लगेच दिसतो. सापाला कोमट पाण्यात ठेवल्याने काही माइट बुडतात, पण डोक्यावरचे वाचतात, म्हणून तेवढ्याने भागत नाही. फिप्रोनिल किंवा आयव्हरमेक्टिन पशुवैद्यानेच ठरवून द्यावे. आयव्हरमेक्टिन कासवाला मारक आहे, हे घरात कासव असणाऱ्यांनी विसरू नये. एकदा औषध मारून थांबले की उरलेली अंडी फुटतात आणि सगळे पुन्हा सुरू होते. उपचार काही आठवडे चालवावा लागतो. नवा साप आणल्यास दोन-तीन महिने वेगळ्या खोलीत ठेवावा आणि रोजचे काम जुन्या, निरोगी सापापासून सुरू करावे. हातांवरून, कपड्यांवरून माइट पुढच्या पेटीत जातात.

रॉकेल, तंबाखूचे पाणी किंवा गुरांच्या गोचिडांवरचे औषध अंदाजाने सापावर कधीही ओतू नये. त्याने माइटबरोबर सापही जाऊ शकतो.

इथल्या नाग-धामणीसाठी मात्र ही सगळी यादी लागूच नये. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आपले साप पाळता येत नाहीत. बॉल पायथनसारख्या परदेशी प्राण्यांचीही 2024 च्या नियमांनुसार नोंदणी करावी लागते. शिवाय डोळ्याजवळचे माइट काढायला हात सापाच्या तोंडाशी न्यावा लागतो. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंश आणि सर्पदंशाच्या रुग्णांसाठी उभी हयात वेचली, त्यांना 2022 मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांच्या गावात तरी, शौकापायी ठेवलेल्या नागाने चावून कोणी दवाखान्यात यावे, हे आपल्याला शोभत नाही.

सर्पमित्र मध्यरात्री, भर पावसात, बहुतेकदा पदरचे पेट्रोल घालून येतात. त्यांच्याविषयी मला मनापासून आदर आहे, म्हणूनच त्यांना हे सांगणे. साप पकडला की वनखात्याला कळवा आणि त्यांच्या सूचनेने शक्यतो त्याच दिवशी, जवळच्याच रानात सोडा. पिशवी प्रत्येक वेळी गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा, ऊन नसेल तर चुलीजवळ. दोन साप एका पिशवीत घालू नका. आणि वाचकांनो, तुमच्या घरातून साप नेला गेला, तर तो कुठे आणि कधी सोडला हे दुसऱ्या दिवशी विचारा. उत्तर मिळाले नाही, तर वनविभागाची 1926 ही हेल्पलाइन आहे.