गाठ ओळखली, अजून सुटली नाही

मुलांच्या कर्करोगाबाबत गेल्या काही दशकांत आशादायक बदल झाले. रक्ताच्या कर्करोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात आज वेळेवर आणि पूर्ण उपचार मिळाले, तर बहुसंख्य मुले बरी होतात. मेंदूच्या देठातील, म्हणजे ब्रेनस्टेममधील एका गाठीने मात्र डॉक्टरांना हे समाधान मिळू दिलेले नाही. तिचे नाव डीआयपीजी. निदानानंतर निम्मी मुले साधारण ९ ते १२ महिन्यांत दगावतात. दोन वर्षांनंतर हयात असणारे मूल दहांत एखादेच. चंद्रावर पहिले पाऊल ठेवणाऱ्या नील आर्मस्ट्राँग यांची चिमुकली मुलगी जानेवारी १९६२ मध्ये याच आजाराने गेली. तिलाही रेडिएशन दिले गेले होते आणि आजही मुख्य उपचार तोच आहे.

असे का? श्वास, गिळणे, डोळ्यांची हालचाल, चालताना तोल या साऱ्यांच्या वाटा ब्रेनस्टेममधून जातात. ही गाठ तिथल्या निरोगी पेशींमध्ये पाण्यात मीठ विरघळावे तशी मिसळते. त्यामुळे ती कापून काढता येत नाही. एमआरआयवरच निदान होत असल्याने अनेक वर्षे तिचा तुकडाही तपासला जात नव्हता. प्रौढांच्या मेंदूच्या गाठींवरची औषधे मुलांवर वापरली गेली, पण ती उपयोगी ठरली नाहीत.

२०१२ मध्ये चित्र पालटले. बायोप्सीतून मिळालेल्या आणि मुलांच्या मृत्यूनंतर आईवडिलांनी दान केलेल्या पेशींच्या अभ्यासातून गाठीचे मूळ सापडले. आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर दोऱ्यासारखा गुंडाळलेला असतो. त्यातल्या एका प्रथिनातील २७व्या जागेवरचा घटक या गाठीत बदललेला असतो. परिणामी वाढीच्या वयात बंद व्हायला हवीत अशी जनुके उघडीच राहतात; पेशी परिपक्व होत नाहीत, नुसत्या वाढत राहतात. सुमारे ८० टक्के डीआयपीजीमध्ये हा बदल आढळतो. तो बहुतेक वेळा वारशाने येत नाही. आईच्या गरोदरपणातील खाण्यापिण्याला किंवा घराजवळच्या मोबाइल टॉवरला दोष देण्यात अर्थ नाही.

या शोधाच्या वाटेवरचे पहिले औषध ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. त्याचे नाव डॉर्डाव्हिप्रोन. ‘मेंदूच्या कर्करोगावर गोळी आली’ असे संदेश तेव्हापासून फिरू लागले, तर त्यात नवल नाही. मात्र आकडे नीट वाचायला हवेत. मंजुरी ज्या ५० रुग्णांच्या नोंदींवर मिळाली, त्यांपैकी २२ टक्के रुग्णांत गाठ लक्षणीय आकसली. त्यातले बहुतेक रुग्ण प्रौढ होते आणि डीआयपीजीचे रुग्ण त्या गणनेतून वगळले होते. म्हणजे हे पाऊल खरे आहे, पण ब्रेनस्टेमच्या गाठीवरचा इलाज म्हणून ते सिद्ध झालेले नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या कार-टी पेशींच्या चाचणीत ११ पैकी चार रुग्णांची गाठ निम्म्याहून अधिक घटली आणि एकाची पूर्ण नाहीशी झाली. तीही अजून चाचणीच आहे.

मग श्रीगोंद्यासारख्या तालुक्यातल्या कुटुंबाने काय करावे? पहिली गोष्ट वेळेची. पाच ते दहा वर्षांच्या मुलाचा डोळा अचानक तिरळा होणे, एकाला दोन दिसणे, तोंड एका बाजूला वाकडे होणे, चालताना झोक जाणे ही लक्षणे काही आठवड्यांत वाढत गेली, तर चष्म्याच्या नंबरावर किंवा अशक्तपणावर न थांबता एमआरआय करावा. दुसरी गोष्ट, ब्रेनस्टेममधली प्रत्येक गाठ डीआयपीजी नसते. काही गाठी संथ वाढतात आणि त्या मुलांना अनेक वर्षे आयुष्य मिळते. आपल्याकडे तर क्षयाची गाठही तिथे होऊ शकते, आणि ती औषधांनी बरी होते. म्हणून पुणे किंवा मुंबईच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी तज्ज्ञांचे दुसरे मत घेणे गरजेचे.

निदान पक्के झाल्यावर प्रश्न उरतो तो हाती असलेल्या महिन्यांचा. रेडिएशनने बहुतेक मुलांची लक्षणे काही महिने ओसरतात. त्याचे नेहमीचे वेळापत्रक ३० फेऱ्यांचे, म्हणजे सहा आठवड्यांचे. कैरोमध्ये २५३ मुलांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १३ फेऱ्यांचा छोटा कोर्सही आयुर्मानाच्या दृष्टीने तितकाच चालतो, असे दिसले. शेत, ऊसतोड किंवा मजुरी सोडून शहरात खोली घेऊन राहणाऱ्या कुटुंबासाठी हे तीन आठवडे लहान नाहीत. तोच वेळ मुलाला घरी, भावंडांत घालवता येतो. छोटा कोर्स आपल्या मुलाला चालेल का, हे डॉक्टरांना जरूर विचारावे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कर्करोगाचे उपचार येतात. जमीन गहाण ठेवण्याआधी रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटावे.

वेदना, उलट्या, गिळण्याचा त्रास कमी करणारी पॅलिएटिव्ह सेवाही पहिल्या दिवसापासून मागावी. ती घेणे म्हणजे हार मानणे नव्हे. विज्ञानाने या गाठीची ओळख पटवली आहे, पण ती सोडवायला अजून वेळ लागेल. तोवर हमखास बरे करण्याच्या जाहिरातींपासून मुलाचे उरलेले दिवस आणि घरातली पुंजी दोन्ही वाचवणे, हेही उपचारच आहेत.