विश्लेषण : घरातली जादा गाडी ‘लक्झरी’ असावी का? सातारा-सांगलीत हिशेब कुठे जुळतो, कुठे फसतो?

दारात स्कॉर्पिओ, इनोव्हा किंवा फॉर्च्युनर आधीच उभी आहे. शेत, कारखाना, लग्नकार्य, देवदर्शन हे सारे तिच्यावर होते. आता गावात फिरायला, मुलांना सोडायला-आणायला आणि महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जायला आणखी एक गाडी हवी आहे. मग ती छोटी, पण बड्या ब्रँडची का नको, असा प्रश्न सातारा, कराड, सांगली, मिरजेतील सुस्थित घरांत निघतो. २०२५ मधील जीएसटी कपातीने या विचाराला बळ मिळाले. मात्र जादा गाडीचे गणित मुख्य गाडीपेक्षा वेगळे असते. तिच्या किमतीइतकेच महत्त्व ती वर्षाला किती धावणार आणि तिची अधिकृत कार्यशाळा किती लांब आहे, याला असते.

छोटी लक्झरी क्रॉसओव्हर म्हणजे नेमके काय?

हॅचबॅकपेक्षा उंच, मोठ्या एसयूव्हीपेक्षा आटोपशीर आणि आतून महागड्या गाडीसारखी, अशी ही श्रेणी. बीएमडब्ल्यू एक्स१, मर्सिडीज-बेंझ जीएलए आणि ऑडी क्यू३ ही तिची भारतातील ओळखीची नावे. व्होल्वोची ईएक्स३० आणि बीएमडब्ल्यूची आयएक्स१ हे त्यातील विजेवर चालणारे पर्याय. किमती साधारण ४० ते ५५ लाखांच्या घरात. लांबी सुमारे साडेचार मीटर आणि रुंदी १.८५ मीटरच्या आसपास, म्हणजे साताऱ्याच्या जुन्या पेठांतील बोळांत ती ‘छोटी’ वाटेलच असे नाही.

मर्सिडीजच्या गाड्या चाकणला जुळवल्या जातात, ऑडीच्या छत्रपती संभाजीनगरजवळच्या शेंद्रा येथे. तरीही ही बाजारपेठ लहानच आहे. २०२४ मध्ये मर्सिडीजने देशात १९ हजार ५६५, बीएमडब्ल्यू समूहाने १५ हजार ७२१ आणि ऑडीने ५ हजार ८१६ गाड्या विकल्या. त्याच वर्षी देशात ४० लाखांहून अधिक प्रवासी वाहने विकली गेली. शंभर गाड्यांत जेमतेम एक लक्झरी, असे हे प्रमाण. जिल्ह्याच्या ठिकाणी सुटे भाग आणि जाणकार मेकॅनिक सहज का मिळत नाहीत, याचे उत्तर या आकड्यात आहे.

जीएसटी कपातीचा फायदा कितपत?

२२ सप्टेंबर २०२५ पासून नवे दर लागू झाले. चार मीटरपर्यंत लांबीच्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल किंवा १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवरील कर २९ ते ३१ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि त्यावर अधिभार असा ४५ ते ५० टक्के भार होता. तो आता सरसकट ४० टक्के आहे.

एक्स१, जीएलए, क्यू३ या तिन्ही गाड्या चार मीटरहून लांब असल्याने ४० टक्क्यांत येतात. ज्या गाडीवर ४५ टक्के कर होता, तिची किंमत कराच्या हिशेबाने साडेतीन टक्क्यांच्या आसपास उतरते. ५० टक्के होता तिथे साडेसहा टक्क्यांहून थोडी अधिक. म्हणजे लक्झरी गाडी स्वस्त झाली हे खरे, पण छोटी साधी गाडी त्याहून अधिक स्वस्त झाली. जादा गाडी म्हणून दोघींची तुलना केली, तर दोन किमतींचे गुणोत्तर कपातीनंतर वाढले आहे.

विजेवरील गाड्यांचा जीएसटी मात्र आधीप्रमाणेच ५ टक्के राहिला.

राज्याचा कर किती? कंपनीच्या नावावर घेतली तर?

महाराष्ट्रात १ जुलै २०२५ पासून एकरकमी वाहन कराचे सुधारित दर आहेत. २० लाखांवरील गाडी व्यक्तीच्या नावावर असेल, तर पेट्रोलला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के. कंपनीच्या नावावर घेतल्यास इंधन कोणतेही असो, २० टक्के. ४५ लाखांच्या पेट्रोल गाडीवर हा कर स्वतःच्या नावावर ५ लाख ८५ हजार होतो. कंपनीच्या नावावर ९ लाख. फरक ३ लाख १५ हजारांचा.

‘कंपनीच्या खर्चात दाखवू’ हा सल्ला म्हणूनच तपासून घ्यावा लागतो. प्राप्तिकरात गाडीवर वर्षाला १५ टक्के घसारा मिळतो, पण वैयक्तिक वापराच्या अशा गाडीवर भरलेल्या जीएसटीचा परतावा सर्वसाधारण व्यावसायिकाला मिळत नाही. द्राक्ष बागायतदार किंवा ऊस उत्पादकाचे शेती उत्पन्न मुळात करमुक्त असल्याने त्याला घसाऱ्याचा उपयोग नाही. दहा लाखांवरील गाडीवर शोरूम एक टक्का टीसीएस घेते. तो विवरणपत्रात वळता करून घेता येतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

विजेवरील गाड्यांना राज्यात हा कर माफ आहे. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरील ई-गाड्यांवर ६ टक्के कराचा प्रस्ताव होता. सरकारने तो त्याच महिन्यात मागे घेतला.

किलोमीटरमागे खर्च किती पडतो?

खरा हिशेब येथे आहे. समजा, ४५ लाखांची पेट्रोल गाडी कर, विमा धरून ५२ लाखांना दारात आली. पाच वर्षांनी ती २४ लाखांना विकली गेली, असे उदाहरणादाखल धरू. पाच वर्षांत २८ लाख, म्हणजे वर्षाला ५ लाख ६० हजार केवळ किंमत उतरल्याने गेले. विमा, सर्व्हिसिंग, टायर यांचे वर्षाला १ लाख ८० हजार धरले, तर गाडी जागची हलो न हलो, वर्षाचा खर्च ७ लाख ४० हजार.

ही गाडी वर्षाला १५ हजार किलोमीटर धावली, तर किलोमीटरमागे सुमारे ४९ रुपये. पाच हजारच धावली, तर १४८ रुपये. त्यावर पेट्रोलचे नऊ-एक रुपये. याचा अर्थ, शोरूममध्ये मायलेजवर जो काथ्याकूट होतो तो सर्वांत लहान खर्चाबद्दलचा असतो. जादा गाडी स्वभावतःच कमी धावते आणि कमी धावणारी महाग गाडी सर्वांत महाग पडते. पाच हजार किलोमीटरसाठी भाड्याची चांगली गाडी चालकासह घेतली, तरी खर्च याच्या अगदी थोड्या भागात भागतो.

अर्थात गाडी केवळ हिशेबाने घेतली जात नाही. आराम, शांत केबिन, हौस यांनाही किंमत असते. ती किंमत किती, हे मात्र आधी कागदावर दिसलेले बरे.

पेट्रोल, डिझेल की विजेवरची?

डिझेलची ओढ पश्चिम महाराष्ट्रात जुनी आहे. पण नव्या डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी असते. ती साफ होण्यासाठी इंजिन बराच वेळ तापलेले आणि वेगात असावे लागते. पोवई नाका ते राजवाडा किंवा विश्रामबाग ते मार्केट यार्ड अशा छोट्या फेऱ्यांत ते घडत नाही; गाळणी तुंबते, दिवा लागतो आणि कार्यशाळेची वारी होते. गावातल्या गावात फिरण्यासाठी घेतलेली जादा गाडी डिझेलची नसावी, हा नियम म्हणूनच सोपा आहे.

पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. सातारा-सांगलीच्या उसाशी या इंधनाचे नाते जवळचे. नव्या गाड्या त्यासाठी बनवलेल्या आहेत, मायलेज मात्र थोडे घटते. इथेनॉल हवेतील ओलावा धरते, त्यामुळे पावसाळ्यात गाडी आठवडेच्या आठवडे उभी ठेवणे चांगले नाही. बॅटरी उतरण्याचा त्रासही उभ्या गाडीलाच जास्त.

विजेवरील गाडीला मोठी हरकत असते लांबच्या प्रवासाची. पण घरात डिझेलची मोठी गाडी आहेच, तेव्हा जादा गाडीला ही हरकत फारशी लागू पडत नाही. जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या लांब व्हीलबेसच्या आयएक्स१ ची किंमत ४९ लाखांपासून होती. कंपनीचा एका चार्जमध्ये ५३१ किलोमीटरचा दावा आहे. प्रत्यक्षात त्याहून कमी धरले तरी सातारा-पुणे-सातारा हा सुमारे २२० किलोमीटरचा फेरा वाटेत चार्ज न करता होण्यासारखा आहे. घरच्या विजेवर किलोमीटरमागे दोन-अडीच रुपये पडतात. राज्याची टोलमाफी मात्र मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूपुरती आहे. साताऱ्याहून पुण्याला जाताना लागणारे राष्ट्रीय महामार्गावरील नाके त्या यादीत नाहीत. शिवाय पुनर्विक्रीची किंमत हा ई-गाड्यांचा अजून न सुटलेला प्रश्न आहे. बॅटरीला बहुतेक कंपन्या आठ वर्षांची हमी देतात, ती दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे लेखी पाहावे.

सातारा आणि सांगलीत वेगळे काय पाहावे?

साताऱ्याहून पुणे ११० किलोमीटर; तिथे सर्व प्रमुख ब्रँडच्या अधिकृत कार्यशाळा आहेत. सांगलीहून पुणे २३० किलोमीटरच्या आसपास, कोल्हापूर पन्नासेक. त्यामुळे सांगलीकरांनी ब्रँड ठरवण्याआधी कोल्हापुरात त्याची विक्रीच होते की पूर्ण दुरुस्तीही होते, हे विचारावे. रस्त्यात बंद पडल्यास ट्रकवर चढवून नेण्याची सोय किती किलोमीटरपर्यंत मोफत, हेही महत्त्वाचे.

साताऱ्यात यवतेश्वर, कास, पसरणी घाट हे नित्याचे. तिथे या गाड्यांचे ब्रेक, पकड आणि स्थिरता यांचा खरा उपयोग होतो. पण कमी उंचीचे टायर आणि खड्डे यांचे जमत नाही. अनेक मॉडेलमध्ये पूर्ण आकाराची स्टेपनी नसते. ऊस हंगामात रात्री मागचा दिवा नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या ही दोन्ही जिल्ह्यांतील मोठी जोखीम. अशा वेळी चांगले हेडलाइट आणि आपोआप लागणारा ब्रेक ही चैन राहत नाही.

सांगलीत प्रश्न पाण्याचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोका पातळी ४५ फूट. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि २०२१ मध्येही शहरात शिरले. गावभाग, मारुती चौक, शामरावनगर परिसरातील घरांना याचा अनुभव आहे. सीटखाली, तळाशी इलेक्ट्रॉनिक्स असलेल्या गाडीत पाणी शिरले तर दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीजवळ जाऊ शकतो. इंजिन संरक्षण आणि संपूर्ण बिलाची भरपाई देणारे पूरक विमा कवच इथे घ्यावेच. पाण्यातून बाहेर काढलेली गाडी सुरू करून पाहू नये. त्याने इंजिनही जाते आणि विम्याचा दावाही अडचणीत येतो.

हप्ता महिन्याचा, उत्पन्न हंगामाचे?

४० लाखांचे कर्ज ९ टक्क्यांनी सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे ६४ हजार ३५० रुपये आणि एकूण व्याज १४ लाखांच्या वर. पगारदार किंवा डॉक्टर दाम्पत्याला महिन्याचा हप्ता जुळतो. शेतकऱ्याचे उत्पन्न मात्र हंगामी. ऊस तुटल्यावर १४ दिवसांत एफआरपी देण्याचा नियम असला, तरी बिले लांबल्याचा अनुभव नवा नाही. द्राक्षबागेचे वर्ष एका अवकाळी पावसाने जाते. जादा गाडीचा हप्ता पीककर्जाच्या किंवा बागेच्या पैशातून जाऊ लागला, तर हौस घराच्या मुळावर येते.

ऑक्टोबर २०१० मध्ये औरंगाबादच्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकाच वेळी सुमारे दीडशे मर्सिडीज घेतल्या, तेव्हा त्या ६५ कोटींच्या व्यवहाराची देशभर चर्चा झाली. एकत्र खरेदीमुळे सवलत आणि ७ टक्क्यांचे कर्ज मिळाले. ट्रॅक्टरला याहून कितीतरी महाग कर्ज का, असा प्रश्न पत्रकार पी. साईनाथ यांनी तेव्हा विचारला होता. त्या घटनेतून खरेदीदाराने घेण्यासारखा व्यावहारिक धडा एकच : व्याजदर आणि सवलत या दोन्हींवर घासाघीस होऊ शकते, आणि ती सही करण्याआधीच होते.

जुनी लक्झरी गाडी हा मार्ग आहे का?

तीन-चार वर्षांची गाडी घेतली, तर किंमत उतरण्याचा मोठा फटका पहिल्या मालकाने सोसलेला असतो. पण सर्व्हिसिंगचा आणि सुट्या भागांचा खर्च नव्या गाडीच्याच किमतीचा राहतो. ‘दिल्ली पासिंग’ स्वस्त मिळते, कारण तिथे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर निर्बंध आले. अशा गाडीला मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र, महाराष्ट्रात वयानुसार पुन्हा कर आणि नवा क्रमांक लागतो. हा खर्च धरल्यावर स्वस्ताई किती उरते, ते पाहावे. पुरात बुडालेली गाडी आहे का, हे सर्व्हिस इतिहासावरून तपासावे.

मग घ्यावी कधी?

सुरक्षितता हे लक्झरी गाडी घेण्याचे एकेकाळचे मोठे कारण होते. आज चाकणला बनणारी महिंद्रा एक्सईव्ही ९ई किंवा टाटा हॅरिअर ईव्ही या गाड्यांना भारत एनकॅपचे पाच तारे आहेत. त्यांची किंमत लक्झरी गाडीच्या निम्म्याच्या आसपास सुरू होते आणि या कंपन्यांचे सेवाजाळे जिल्ह्यात पसरलेले आहे. त्यामुळे केवळ सुरक्षिततेसाठी दुप्पट मोजण्याचे कारण उरलेले नाही.

उरतात ती घरे जिथे जादा गाडी नावालाच जादा आहे : कुणी आठवड्यातून दोनदा पुण्याला जाते, वर्षाला बारा-पंधरा हजार किलोमीटर सहज होतात, बहुतेक रक्कम हाताशी आहे, अंगणात उंचावर पार्किंग आणि स्वतंत्र चार्जिंगची सोय आहे. त्यांच्यासाठी ही श्रेणी, त्यातही विजेवरील मॉडेल, हिशेबात बसते. इतरांनी आधी एक साधा प्रयोग करावा. दारातील गाडीशिवाय आणखी गाडीची खरोखर गरज किती दिवस आणि किती किलोमीटर पडते, हे तीन महिने वहीत टिपून ठेवावे. बुकिंगची रक्कम भरण्याआधी ती वही उघडली, तर निम्मे उत्तर तिथेच मिळते.